वारली वॉलपेपर छोट्या प्रमाणात काढायचा आहे: गेरूची जमीन, सांधे आणि रिपीट कसं जमवायचं?

गेरूमाती_ठाणे

नमस्कार मंडळी,

डहाणू-तलासरीकडच्या दोन वारली चित्रकारांबरोबर वॉलपेपरचं काम सुरू करतो आहोत. बाजारात 'वारली' म्हणून जे मिळतं त्यात बहुतेकदा संगणकावर काढलेली तीच ती त्रिकोणी माणसं शिक्क्यासारखी पुन्हा पुन्हा येतात. आम्हाला बांबूच्या काडीची रेघ भिंतीवर दिसायला हवी आहे. ती जाड-बारीक होते, मध्येच कोरडी पडते, तशीच दिसायला हवी.

मूळ चित्रं गेरूने रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या रंगात आहेत, साधारण ३ बाय ४ फूट. विषय तारपा नाच (तारपा या फुंकवाद्यावरचा), भातलावणी आणि ताडाची झाडं. एका चित्राचा फोटो काढून नॉन-वोव्हन (न विणलेल्या तंतूंच्या) कागदावर लेटेक्स प्रिंटरने नमुना छापून घेतला. त्यात दिसलेल्या अडचणी:

१. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर केसाएवढी पांढरी रेघ दिसते. गेरूच्या गडद रंगावर ती लांबूनही डोळ्यांत भरते.
२. जमीन, म्हणजे चित्रामागचा गेरूचा रंग, एकदम सपाट आणि रबरी वाटते. शिवाय आडवे पट्टे उमटलेत.
३. माणसांचे हातपाय मध्येच बुजतात.

प्रश्न असे: डिजिटलच करावं की हाताने, जाळीतून शाई ओढून, स्क्रीन प्रिंटिंग? रिपीट, म्हणजे तेच डिझाइन पुन्हा सुरू होण्याचं अंतर, किती इंचांचा ठेवावा? मुंबई-कोकणातल्या भिंतींवर हा कागद पावसाळा काढेल का? आणि चित्रकारांशी करार करताना नेमकं काय लिहावं? सुरुवातीला महिन्याला चार-पाच भिंतींपेक्षा जास्त काम धरलेलं नाही.

---

छापील_भोसरी

तुमच्या तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे, जमीन. अशा डिजिटल छपाईत सहसा पांढरी शाई नसते. पांढरा म्हणजे उघडा राहिलेला कागद. म्हणजे प्रिंटर तुमची पांढरी माणसं छापतच नाही, तो त्यांच्याभोवतीचा गेरू छापतो. शाई कडेने थोडी पसरते, ती पांढऱ्या रेषेत शिरते आणि हातपाय बुजतात. प्रत्यक्ष मापात १ मिलिमीटरपेक्षा बारीक पांढरी रेघ गडद जमिनीत टिकेल असं धरू नका. बारीक रेषा हव्याच असतील तर फाइलमध्ये पांढरी रेघ दोन्ही बाजूंनी किंचित फुगवून द्या. किती फुगवायची ते त्याच मशीनवर आणि त्याच कागदावर पट्टी छापून ठरवा: ०.५, ०.७५, १, १.२५ आणि १.५ मिलिमीटरच्या रेघा, आडव्या, उभ्या आणि तिरप्या. तिन्ही दिशांना निकाल वेगळा येतो.

फोटोवरून काम करू नका. कॅमेऱ्यात कडेला प्रकाश कमी होतो आणि पट्टीला पट्टी लावली की तो फरक उभ्या सावलीसारखा दिसतो. चित्र ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) भागाभागाने स्कॅन करा. ६०० ला केलेलं स्कॅन दुप्पट मोठं केलं तरी ३०० राहतं, चौपट केलं तर १५०. भिंत चार-पाच फुटांवरून पाहतात, तिला १५० पुरतं. पण ज्या चित्रात काडीचं कोरडेपण दाखवायचं आहे ते ३०० ला ठेवा.

मग रेषा आणि जमीन वेगळ्या करा. रेषा एका थरात फक्त काळ्या-पांढऱ्यात, राखाडी छटा न ठेवता. 'ट्रेस' करून वेक्टर करण्याचा मोह टाळा, त्यात काडीचा थरथराट गुळगुळीत होतो आणि चित्र पुन्हा बाजारातल्या शिक्क्यासारखं दिसायला लागतं. जमिनीसाठी एका वेगळ्या कापडावर किंवा जाड पुठ्ठ्यावर चित्राशिवाय नुसता गेरू सारवून घ्या आणि तो स्कॅन करा. हाताचे फटकारे, कुठे दाट कुठे विरळ, सगळं येऊ द्या. या पोतामुळे आडवे पट्टे आणि सांध्यावरचा छटेचा फरक दोन्ही नजरेआड होतात. एकरंगी सपाट तपकिरी ही डिजिटलमधली सगळ्यात अवघड जमीन आहे. पण हा पोत लहान तुकड्याचा नको. वीतभर तुकडा फिरवला तर तोच डाग भिंतभर रांगेत दिसतो. पोत निदान रिपीटएवढा मोठा असावा, रिपीटहून मोठा असेल तर फारच चांगलं.

आडव्या पट्ट्यांसाठी छापखान्याला पास, म्हणजे त्याच जागेवरून छपाईच्या फेऱ्या, वाढवायला सांगा. ८ वर छापत असतील तर १२ किंवा अधिक. वेळ वाढतो, दरही वाढतो, गडद जमिनीला पर्याय नाही. तपकिरी तयार करताना निळी शाई कमीत कमी ठेवून गडदपणा काळ्या शाईतून आणायला सांगा. लाल, पिवळी, निळी या तिघींच्या तोलावर उभा केलेला तपकिरी जरा काही हललं की हिरवट किंवा जांभळट होतो, आणि दुपारच्या उजेडात वेगळा, ३००० केल्विनच्या पिवळ्या एलईडीखाली वेगळा दिसतो. गिऱ्हाईकाला नमुना दोन्ही उजेडात पाहायला लावा.

एका भिंतीच्या सगळ्या पट्ट्या एकाच कागदाच्या रोलवर, एका दिवसात, खंड न पाडता छापून घ्या. एक पट्टी नंतर मागवली तर रंग जुळत नाही.

---

जाळीदार

वरचं सगळं बरोबर आहे, पण महिन्याला चार-पाच भिंती एवढंच काम असेल तर माझं मत स्पष्टपणे स्क्रीनच्या बाजूने आहे. वारलीत मुळात गेरूवर पांढरा चढतो. स्क्रीनमध्येही तसंच होतं. आधी जमीन, तिच्यावर अपारदर्शक पांढरा. शाईचा उठाव बोटाला लागतो, तो डिजिटलमध्ये येत नाही. आणि पांढरा हा एकच रंग असल्यामुळे एका डिझाइनला एकच स्क्रीन लागते. रंगाला रंग जुळवण्याची कटकट इथे नाहीच.

जमिनीसाठी: गेरू वस्त्रगाळ करून घ्या. खडा राहिला तर जाळीला भोक पडतं. १ किलो गेरूला अर्धा किलो अॅक्रिलिक बाइंडर (रंग धरून ठेवणारं द्रव्य) इथून सुरुवात करा, पाणी घालून पातळ ताकाएवढं सरबरीत करा आणि दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. कागद १५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासचा नॉन-वोव्हन घ्या. साधा कागद एवढ्या पाण्याने सुरकुततो. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने दहा वेळा चोळा. फडक्यावर गेरू आला तर बाइंडर थोडा वाढवा. तुकतुकी आली तर बाइंडर जास्त झाला, कमी करा. गेरू ही लोहयुक्त माती आहे, उन्हाने उडत नाही. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीला हा मोठा फायदा.

पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ किंवा त्यात डिंक हे भिंतीवरच्या चित्रात शोभतं. वॉलपेपर गुंडाळला की त्याचे पोपडे सुटतात, शिवाय दमट हवेत बुरशी धरते. पाण्यावर चालणारी अपारदर्शक पांढरी स्क्रीनची शाई घ्या.

जाळी ४३ ते ५५ धाग्यांची (सेंटिमीटरला). याहून बारीक जाळीतून पांढरा पुरेसा पडत नाही, गेरू खालून डोकावतो आणि पांढरा गुलाबी दिसतो. पाण्यावरची शाई वापरणार म्हणून इमल्शन (डिझाइन सोडून बाकीची जाळी बुजवणारा थर) पाण्याला टिकणारंच हवं, नाहीतर पहिल्या काही छापांतच कडा विरघळतात. २० बाय २४ इंचांच्या छापाला चौकट आतून ३० बाय ३४ तरी ठेवा. शाईला चारही बाजूंनी जागा लागते, जाळी कडेला आवळलेली असते तिथे छाप नीट बसत नाही.

मुख्य गोष्ट छापण्याच्या क्रमाची. टेबलाच्या कडेला बरोबर २४ इंचांवर अडणी (चौकट टेकवायचे अडसर) पक्क्या करा आणि एकाआड एक छाप मारा: १, ३, ५, ७. ते वाळले की २, ४, ६. लागोपाठ मारले तर चौकट मागच्या ओल्या छापावर टेकते आणि पांढरा फासला जातो. अडणी अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी दहा छापांत ५ मिलिमीटर जातात, म्हणून मोजमाप नेहमी पहिल्या खुणेपासून घ्या. आधीच्या अडणीपासून पुढची मोजत जाऊ नका.

एप्रिल-मे मध्ये शाई जाळीतच वाळते. प्रत्येक छापानंतर स्क्वीजीने (शाई ओढायच्या रबरी पट्टीने) जाळीवर शाईचा थर ओढून ठेवा, शाईत रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घाला आणि पंखा टेबलाच्या दिशेने नको. पावसाळ्यात उलट होतं, वरून कोरडा वाटतो पण गुंडाळल्यावर चिकटतो. २४ तास मोकळा टांगा, मग ३ इंची नळीवर सैल गुंडाळा.

---

गेरूमाती_ठाणे

दोघांचे मनापासून आभार. म्हणजे तारपा नाचाचं मोठं भित्तिचित्र डिजिटलवर आणि ताडाची झाडं-पक्षी यांचं रिपीट होणारं डिझाइन स्क्रीनवर, असं विभागलं तर योग्य ठरेल का? आणि हातकागद वापरायचा विचार आहे, त्यावर स्क्रीन चालेल ना?

---

जाळीदार

विभागणी योग्य. पण तारपा नाचाचा रिपीट करूच नका. तो सर्पिल नाच आहे, मध्ये तारपावाला. आठ ठिकाणी आठ तारपे दिसले की चित्राचा अर्थ जातो. तो एकदाच, भिंतीच्या मापाने.

हातकागद ताव म्हणून मिळतो, साधारण २२ बाय ३० इंच, रोलमध्ये नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे जाडी आणि पोत हाताळून पाहता येतील. त्यावर स्क्रीन उत्तम बसते. पण खळ लागली की ताव फुगतो आणि वाळताना आखडतो. सांध्याला सांधा टेकवून लावलात तर फट पडणारच. तावाच्या कडा मुद्दाम तशाच ठेवून अर्धा इंच एकावर एक चढवा आणि चौकोनांची रचना दिसू द्या. त्याला वेगळा माल म्हणून विका, रोलच्या यादीत घालू नका.

---

निशा_आरेखन

रिपीटचं गणित भिंतीपासून सुरू करा. चित्र आधी काढून मग माप शोधलं की कागद वाया जातो.

बाजारातला सर्वसाधारण रोल साधारण २१ इंच बाय ३३ फूट. तुम्ही पट्टी २० इंचांची धरा. डिजिटलचा कागद ४२ इंच रुंदीत मिळतो, त्यात २० च्या दोन पट्ट्या आणि दोन्ही कडांना इंच-इंच जागा बसते. २१ च्या दोन बसत नाहीत. स्क्रीन आणि डिजिटलला एकच माप ठेवलं की डिझाइन इकडून तिकडे नेता येतं.

उदाहरणाची भिंत १२ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. पट्ट्या: १४४ भागिले २० म्हणजे ७.२, म्हणजे ८. उंची ११४ इंच, वर-खाली कापायला दोन-दोन इंच, एकूण ११८. रोल ३९६ इंचांचा.

उभा रिपीट २४ इंच असेल तर पट्ट्या ०, १२० आणि २४० इंचांवर सुरू होतात, तिसरी ३५८ ला संपते. रोलमधून ३ पट्ट्या, म्हणजे भिंतीला ३ रोल. रिपीट ३६ केला तर सुरुवात ०, १४४, २८८ आणि तिसरीला ४०६ इंच लागतात. बसत नाही. रोलमधून दोनच, म्हणजे ४ रोल. चित्र मोठं दिसावं म्हणून ३६ घेणाऱ्यांनी हा एक रोल किमतीत धरलेला नसतो. मात्र २४ सुद्धा सगळीकडे चालत नाही. छत १० फूट असेल तर लागणारी लांबी १२४, पट्ट्यांची सुरुवात ०, १४४, २८८ आणि शेवट ४१२. इथेही ४ रोल. जुन्या घरांच्या उंच भिंतींना डिजिटलवर मापानेच छापा.

तुमच्या झाडा-पक्ष्यांना हाफ-ड्रॉप घ्या, म्हणजे शेजारची पट्टी अर्ध्या रिपीटने खाली. सरळ रिपीटमध्ये सारख्या उंचीवरची झाडं आडव्या रांगेत उभी राहतात, वारलीत अशी रांग सहसा नसते. २४ च्या रिपीटला १२ इंच उतार. वरच्या भिंतीला 'अ' आणि 'ब' पट्ट्या आलटून-पालटून कापल्या तर रोलमध्ये ० ते ११८, १३२ ते २५०, २६४ ते ३८२. तिन्ही बसतात. ओळीने पुढचा रोल ब ने सुरू होतो, त्याचा शेवट ३९४ वर येतो, दोनच इंच उरतात, म्हणून तो जपून कापा. डिजिटलमध्ये ४० बाय २४ ची एकच जोड-फाइल करा, उजवा अर्धा १२ इंच खाली. ३०० डीपीआयला ती १२००० बाय ७२०० पिक्सेल होते.

रिपीट तपासताना निदान ३ बाय ३ लावून, डोळे किलकिले करून, कागदाचा छाप लांब ठेवून पाहा. पांढरा कुठे दाटला आणि गेरू कुठे रिकामा राहिला ते तेव्हाच कळतं. वारलीत रिकामी जागा फार नेटकी वाटलेली असते. चित्रकाराला २० बाय २४ चा मोकळा चौकोन देऊन "भरा" म्हणू नका. तुकडा मधून उभा आणि आडवा कापून कडा आत घ्या, मध्ये जी फट पडेल तिच्यात त्यांच्याच हाताने चार-दोन पक्षी, मुंग्या, गवत काढून घ्या. सांधणीचं काम संगणकावर बसलेल्या माणसाने केलं की नेमका तोच भाग परका दिसतो.

सांधा माणसाच्या कंबरेतून जाऊ देऊ नका. वारलीतलं माणूस दोन त्रिकोणांचं, कंबर म्हणजे एक बिंदू. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झालं की माणूस मोडलेलं दिसतं. सांध्यावर झाडाची पानं किंवा गवत आणा.

---

ओळंबा

भिंतीचं लिहितो, कारण कागद कितीही चांगला असला तरी तक्रार भिंतीवरून येते.

आधी ओल. २ फूट बाय २ फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, २४ तासांनी पाहा. आतून दव दिसलं किंवा भिंत काळपट पडली तर काम घेऊ नका. पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची बाहेरची भिंत आणि पलीकडे न्हाणीघर असलेली भिंत, या दोन्हींना नकार द्यायला शिका. लोणा लागलेल्या भिंतीवर प्रायमर मारून कागद लावला तर एका पावसाळ्यात कागदासकट पापुद्रा सुटतो. नवा गिलावा असेल तर पूर्ण वाळेपर्यंत थांबा. नॉन-वोव्हन कागद थोडा श्वास घेतो, व्हिनाइल अजिबात घेत नाही. दमट गावात व्हिनाइलच्या मागे काळी बुरशी धरते आणि बाहेरून काही महिने कळतही नाही.

मग पुट्टी. चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीला पांढरी भुकटी आली तर खळ त्या भुकटीला चिकटेल, भिंतीला चिकटणार नाही. घासून, पुसून प्रायमर. जुनं डिस्टेंपर पूर्ण खरवडायचं.

तुमच्या पांढऱ्या रेघेचा सोपा उपाय इथे आहे. शेवटचा प्रायमर किंवा त्यावरचा एक हात गेरूच्या रंगाचा मारा, म्हणजे सांधा उघडला तरी मागून गेरूच दिसेल. दुसरं, कागदाची कापलेली कड स्वतः पांढरी असते. पट्ट्या रचून कडेवर त्याच रंगाचा सुका पेस्टल खडू किंवा स्पंजाने किंचित रंग फिरवा. ओला ब्रश नको, रंग पुढच्या बाजूला शिरतो. ब्लेडचं टोक दर कापाला तोडा, बोथट ब्लेड कड उसवते आणि पांढरा तंतू वर येतो.

पहिली पट्टी ओळंब्यावर. कोपऱ्यावर किंवा दाराच्या चौकटीवर भरवसा नको, दोन्ही सहसा वाकडे असतात. वर सांगितलेल्या १२ फुटी भिंतीत आठवी पट्टी ४ इंचांची येते. ती एका कोपऱ्यात उरवू नका. सुरुवात मध्यापासून करून दोन्ही कडांना सारखी रुंदी वाटून घ्या.

नॉन-वोव्हनला खळ भिंतीवर लावतात, कागदावर नाही. सेल्युलोजची तयार पावडर पाकिटावरच्या मापाने पाण्यात घालून ढवळा आणि गुठळ्या विरेपर्यंत थांबा. मैद्याची घरची खळ वापरू नका. तिच्यावर कसर आणि बुरशी दोन्ही पोसतात. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालायचे, पण ते विषारी आहे आणि फिक्या कागदातून निळसर डाग वर येतो. लाकडाचा पांढरा गोंद नुसता तर मुळीच लावू नका. पुढे कागद काढताना पुट्टीसकट निघतो.

सांध्यावर रोलर हलका. जोराने दाबला तर खळ बाहेर येते आणि गेरूवर तुकतुकीत डाग राहतो. आली तर ओल्या स्पंजाने टिपून घ्या, घासू नका. हाताने सारवलेल्या गेरूच्या जमिनीवर तर नुसतं टिपणंच. २४ तास पंखा, एसी बंद. मे महिन्यात घाईने वाळवलेले सांधे दुसऱ्या दिवशी उघडतात.

---

करारनामा

कराराबद्दल. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १९ नीट वाचा, वॉलपेपरच्या करारालाही ते लागू पडतं. हक्क देणं लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं ठरवलेलं नसेल तर मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही की तो संपतो. म्हणून लिहा: कोणतं चित्र (छोटी प्रत कराराला जोडा), कशासाठी (फक्त वॉलपेपर, चादरी-कप नाहीत), किती वर्षं, कुठे. माझा आग्रह असा की हक्क कायमचा विकत घेऊ नका. मुदतीचा परवाना घ्या, मूळ चित्र आणि त्याचा हक्क चित्रकाराकडे राहू दे.

दुसरा मुद्दा बऱ्याच छोट्या व्यावसायिकांना माहीत नसतो. कलम १५ प्रमाणे, डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखं डिझाइन नोंदवलं नाही आणि ते लावलेली वस्तू औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढली, तर त्या डिझाइनवरचा प्रताधिकार संपतो. भिंतीला ३ रोल धरले तर सतराव्या भिंतीला ५१ रोल होतात. तुमच्या वेगाने हे चार महिन्यांचं काम आहे. चालणारं डिझाइन डिझाइन कायदा २००० खाली नोंदवा, वॉलपेपर वर्ग ०५-०६ मध्ये येतो. संरक्षण १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढ. अट अशी की अर्जाआधी ते कुठेही प्रसिद्ध झालेलं नको. आधी इन्स्टाग्रामवर टाकून मग अर्ज केला तर नवेपणा गेला. नोंदणी कोणाच्या नावे, हेही करारात.

तिसरं, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, नोंदणी आदिवासी युवा सेवा संघाच्या नावे आहे. तुमच्या चित्रकारांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेलं असेल तर लेबलवर तसं लिहा, नसेल तर आधी तो अर्ज करू द्या, फी तुम्ही भरा.

पैसे: चित्राची एकरकमी रक्कम आणि शिवाय विकलेल्या चौरस फुटामागे मानधन, दर तिमाहीला विक्रीच्या हिशेबासकट. नुसती एकरकमी देऊन तेच चित्र पाच वर्षं विकणं मला चूक वाटतं. नाव रोलच्या लेबलवर आणि पट्टीच्या कापायच्या कडेवर छापा.

आणि लग्नाचा चौक वॉलपेपरमध्ये घेऊ नका. तो सुवासिनी काढतात, त्यात पालघट देवी बसते. जेवणाच्या टेबलामागे त्याचे चाळीस रिपीट होणं योग्य नाही. इतर कोणती आकृती टाळायची ते चित्रकारांनाच विचारा आणि त्यांचा 'नाही' करारात लिहून ठेवा.

---

हिशेबनीस_नाशिक

किमतीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. डिजिटलचा दर छापलेल्या कागदावर लागतो, गिऱ्हाईक पैसे भिंतीच्या मापावर देतं. यातला फरक छोटा नाही.

वरचीच भिंत: १२ गुणिले साडेनऊ, ११४ चौरस फूट. ४२ इंची कागदावर दोन पट्ट्यांच्या ४ लांब्या, प्रत्येकी ११८ इंच. कागद लागला १३८ चौरस फूट, म्हणजे २१ टक्के जास्त. लावताना एखादी पट्टी फाटली तर रंग जुळायचा नाही, म्हणून एक लांबी जादा त्याच वेळी छापायची, झाले १७२. समजा कागद-छपाई मिळून दर ५५ रुपये आहे, तर खर्च सुमारे ९,४६५ रुपये. तो ११४ ने भागला की ८३ रुपये फूट. कागदावर ५५ दिसणारा खर्च भिंतीवर ८३ होतो, आणि यात चित्रकाराचं मानधन, नळी, कुरिअर, नमुने आणि लावणाऱ्याची मजुरी अजून आलेलीच नाही.

नमुना ए-४ चा देऊ नका, त्यात एक झाडही पूर्ण दिसत नाही. पूर्ण २० बाय २४ द्या, त्याचे पैसे घ्या आणि ऑर्डर आली की बिलातून वजा करा. पाठीमागे शिक्का: डिझाइनचं नाव, छपाईची तारीख, कागदाचा लॉट, मशीन, पास. दोन वर्षांनी तेच गिऱ्हाईक दुसऱ्या खोलीसाठी आलं की याच शिक्क्यावरून छपाई लावता येते. बिलावर वॉलपेपरचा एचएसएन (जीएसटीसाठीचा वस्तूचा क्रमांक) ४८१४ टाका, आणि लावण्याची मजुरी वेगळ्या ओळीत दाखवा.

---

गेरूमाती_ठाणे

कंबरेतून सांधा आणि ५० प्रतींचं कलम, दोन्ही डोक्यात नव्हतं. ताडाच्या झाडांचा रिपीट २० बाय २४, हाफ-ड्रॉप, स्क्रीनवर, असं ठरवतो. एकच शंका राहिली: हाताने सारवलेल्या जमिनीत रोलागणिक छटा बदलणार, मग सांध्यावर ती कशी लपवायची?

---

जाळीदार

एका भिंतीचा गेरू एकाच बादलीत कालवा. तीन रोलांना म्हणजे साधारण १६५ चौरस फुटांना दोन हात द्यायला किती लागतो ते एक रोल रंगवून, बादलीचं वजन आधी-नंतर घेऊन काढा आणि त्याच्या सव्वापट कालवा. मध्ये मध्ये तळापासून ढवळत राहा, गेरू खाली बसतो आणि शेवटचा रोल पहिल्याहून गडद होतो. रोलांना १, २, ३ आकडे घाला, पट्ट्या कापाल त्या क्रमानेच लावायला सांगा, म्हणजे शेजारी येणाऱ्या कडा लागोपाठ रंगवलेल्या असतील. कडेजवळ ब्रश उभा उचलू नका, कागदाबाहेर काढून मग उचला. कडेला दाट पट्टा राहिला तर तो भिंतीवर दर २० इंचांना दिसतो, आणि तेवढं टाळलं की बाकीचा फरक सारवणात खपून जातो.